पराधीन खतावणी

घोडनदीच्या पेठेत एका अडत दुकानाच्या गादीवर रोजकीर्द आणि खतावणी लिहिण्यात ज्याच्या आयुष्याचा कर्ता काळ गेला, त्या माणसाला उतारवयात पुन्हा हिशेबाच्याच कामी कोणी जुंपले, तर त्याने कुरकुर करण्याचे कारण नाही. पुतण्याने रसायनविरहित गुळाची ऑनलाइन विक्री आरंभिली आणि ‘काका, तुम्ही फक्त जमाखर्च बघा, बाकीचं मी बघतो,’ असे म्हणून मला तिच्यात ओढले, तेव्हापासून गादीच्या जागी खुर्ची आणि चोपडीच्या जागी संगणक घेऊन मी बसलो आहे. जमेस विक्री, नावे खर्च, महिनाअखेर बाकी, हा क्रम काही बदललेला नाही. बाकी निघतेही, परंतु ती तेवढीच का निघाली हे मला सांगता येत नाही, आणि मुनिमाच्या दृष्टीने याहून लाजिरवाणी अवस्था दुसरी नसेल.

बिऱ्हाड आमचे शिरूरचे, म्हणजे घोडनदीचेच; माल मात्र दौंड तालुक्यातला. शिरूर सोडून दक्षिणेकडे निघालेला रस्ता करडे, न्हावरे अशी गावे घेत पारगावापाशी भीमा ओलांडतो आणि केडगावावरून चौफुल्याला सोलापूर रस्त्यास मिळतो. या साऱ्या मुलखात दृष्टी जाईल तिकडे ऊस. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा ही सहकारी साखर कारखान्यांची नावे इथल्या पोरासोरांच्याही तोंडी आहेत. परंतु कारखान्याच्या तोडीची चिठ्ठी येईपर्यंत ज्याला दम धरवत नाही, किंवा रोकड ज्याला आजच हवी असते, तो शेतकरी आपला ऊस गुऱ्हाळावर घालतो, आणि अशी गुऱ्हाळे दौंडच्या या पट्ट्यात इतकी आहेत की हंगामात त्यांच्या धुराड्यांवरूनच वारा कोणत्या दिशेचा आहे ते कळावे. आमचा गुऱ्हाळमालक पारगावच्या पुढचा. त्याचा गुळव्या उकळत्या काहिलीवर भेंडीच्या खोडाचे चिकट पाणी सोडतो, वर आलेली मळी झाऱ्याने काढून टाकतो, आणि पाक आला असे त्याला वाटले म्हणजे त्याचा थेंब गार पाण्यात सोडून बोटांत त्याची गोळी वळून पाहतो. गोळी वळली की चुलवाणात चिपाड घालणाऱ्या पोऱ्याला तो नुसता हात वर करून थांबवितो, आणि काहील वाफ्यात उलटी होते. या सर्व क्रियेत घड्याळ नाही, उष्णतामापक नाही; परंतु त्या गुळव्याला ‘आज काढायला उशीर का केलास’ असे विचारले, तर तो रसाच्या जातीपासून जळणाच्या ओलीपर्यंत सगळी कारणे देऊ शकतो. कारण देता येणे ही गोष्ट किती मोलाची आहे, ते मला पुढे उमगावयाचे होते.

विक्री सुरू करण्यापूर्वीचे सोपस्कार पुतण्याने निमूटपणे केले. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी, जीएसटीचा क्रमांक, पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, बांधणीचा महिना, उत्पादकाचा पत्ता आणि तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक, असा सगळा जामानिमा झाला. सरकारचा कर यातही फिरलाच. पाकिटबंद आणि लेबल लावलेल्या गुळावर 18 जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी बसला; उलट काकवीसारख्या द्रवरूप गुळाला, ज्याला कायद्याच्या भाषेत राब म्हणतात, 18 टक्के कर होता तो 1 मार्च 2023 पासून पाकिटबंद मालास 5 टक्के आणि सुट्या मालास शून्य झाला. हे बदल आम्हाला गैरसोयीचे झाले असतील, परंतु त्यांची तारीख ठाऊक होती, ते राजपत्रात छापून आले होते, ते सर्वांना सारखे लागू होते, आणि त्यांच्याविरुद्ध ओरडावयाचे तर कोणाच्या दारात ओरडावयाचे हेही माहीत होते.

ज्या पेढीच्या पोर्टलवर आम्ही माल मांडतो तिचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, कारण गोष्ट एका पेढीची नव्हे. तिने आमचा गूळ गुवाहाटीपासून कोइमतूरपर्यंत नेला, जे घोडनदीच्या सात अडत्यांच्या सात पिढ्यांना साधले नसते, हे मी आधीच नमूद करून ठेवतो, म्हणजे पुढचे लिखाण केवळ म्हाताऱ्याची चिडचिड वाटावयाचे नाही.

आता एका पाकिटाचा हिशेब पाहू. दोन किलोच्या गुळाच्या वड्या, ग्राहकाने मोजलेली किंमत 315 रुपये. त्यात मूळ किंमत 300 आणि जीएसटी 15. यातून पेढी प्रथम आपले कमिशन घेते, समजा 9 टक्क्यांनी 28 रुपये 35 पैसे. मग प्रत्येक विक्रीमागे ठरलेली रक्कम, 25 रुपये. मग पोहोचविण्याचा आकार, 72 रुपये. या तिन्हींची बेरीज 125 रुपये 35 पैसे, आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी 22 रुपये 56 पैसे. त्यानंतर सरकारच्या दोन वजावटी येतात: एक जीएसटीपोटी उगमावर गोळा केलेला अर्धा टक्का, जो 10 जुलै 2024 पूर्वी एक टक्का होता, म्हणजे दीड रुपया, आणि दुसरी आयकराची, जी 1 ऑक्टोबर 2020 रोजी सुरू झाली आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून एक टक्क्यावरून दशांश टक्क्यावर आली, म्हणजे तीसएक पैसे. आमच्या खात्यावर 165 रुपये आणि वर थोडे पैसे जमा होतात. पेढीच्या आकारावर भरलेल्या 22 रुपये 56 पैशांची वजावट विवरणपत्रात मिळते हे खरे, परंतु गुळावर आमच्याकडे गोळा होणारा कर अवघा 15 रुपये असल्यामुळे ती जमा पुरती वापरली जात नाही आणि कागदावर साचत राहते. उरलेल्या रकमेतून गुऱ्हाळाचा भाव, पाकीट, खोका, चिकटपट्टी आणि पारगावपासून शिरूरपर्यंतचे टेम्पोभाडे गेले, म्हणजे पुतण्याच्या मोटारसायकलला पेट्रोल घालण्याइतके काही राहते. या सगळ्या रकान्यांत सरकारचे दोन रकानेच मला निःसंदिग्धपणे समजतात, असे वाक्य लिहिण्याची पाळी माझ्यावर येईल असे कोणी पूर्वी सांगितले असते तर मी त्याला वेड्यात काढले असते.

परंतु दराची उंची हे माझे गाऱ्हाणे नाही. अडत दुकानात मी जन्म काढला आहे. अडत, हमाली, तोलाई, वाराई आणि धर्मादाय यांच्या पाट्या वाचतच मी केस पिकविले आहेत, आणि कडता म्हणून शेतकऱ्याच्या मालातून किती वजन कापले जाई, नमुना म्हणून किती माल चाचपता चाचपता नाहीसा होई, आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याच्या हत्ता पद्धतीत विकणाऱ्याखेरीज सर्वांना भाव कसा कळे, ते मी ऐकूनच नव्हे तर अशा व्यवहारांचे जमाखर्च लिहूनही जाणतो. 1939 सालचा मुंबई इलाख्याचा बाजार कायदा आणि त्याच्या जागी आलेला 1963 सालचा महाराष्ट्राचा कायदा हे अशाच प्रकारांच्या बंदोबस्तासाठी झाले. तेव्हा जुन्या अडत्यांच्या आठवणीने मला गहिवर यावा असे काही नाही. फरक आहे तो एवढाच की अडत्याने पाटी बदलली तर ती बदललेली पाटी त्याच्याच ओट्यावर लागे, आणि शेतकरी ओट्यावर चढून त्याला चार माणसांसमक्ष शिव्या देऊ शके. त्या शिव्यांनी दर क्वचित उतरे. परंतु पुढच्या वेळी तो वाढविण्यापूर्वी अडत्या दोनदा विचार करी.

पेढीचे दरपत्रक बदलते तेव्हा एक ई-मेल येतो. ‘विक्रेत्यांच्या भरभराटीसाठी’ अशा मंगलाचरणाने त्याचा प्रारंभ होतो, आणि खाली कोठेतरी एका दुव्यामागे तक्ता असतो. त्या तक्त्यात वजनाचे टप्पे, किमतीचे टप्पे, अंतराचे पट्टे आणि विक्रेत्याच्या श्रेणी यांचा असा गुणाकार मांडलेला असतो की आपल्या पाकिटाला नेमके काय लागू होणार हे पहिले पाकीट विकल्यावरच कळावे. कधी कमिशन उतरते आणि पोहोचविण्याचा आकार चढतो. कधी कमिशन शून्य झाल्याची दवंडी पिटली जाते आणि परत आलेल्या मालाचे भाडे विक्रेत्याच्या माथी येते. पुतण्या म्हणतो, ‘काका, एकंदरीत बघा, तेवढंच पडतंय.’ परंतु एकंदरीत पाहण्याची सवय मुनिमाला नसते.

काकवीची हकीकत यापेक्षा बोधक आहे. काकवी बाटलीतून जाते, बाटली फुटू नये म्हणून तिच्याभोवती फुग्यांचे प्लास्टिक गुंडाळावे लागते, आणि मग खोका मोठा होतो. पेढी असा खोका वजनाने मोजत नाही. लांबी, रुंदी आणि उंची यांचा सेंटिमीटरांतील गुणाकार 5000 ने भागून जे येईल ते आकारमानाचे वजन, आणि खऱ्या वजनाहून ते जास्त भरले तर तेच खरे. आमचा खोका 25, 20 आणि 15 सेंटिमीटरांचा; गुणाकार 7500, म्हणजे दीड किलो, आणि दीड किलोच्या टप्प्यात तो काटेकोर बसावा म्हणूनच पुतण्याने तो मुद्दाम पुण्याहून करवून आणला होता. हंगामात एकाएकी वजावटी वाढू लागल्या. शोध घेता घेता असे निष्पन्न झाले की दूरच्या कुठल्याशा गोदामात यंत्राने आमचा खोका 27, 22 आणि 17 मोजला होता, कारण पावसाळी हवेत पुठ्ठा फुगला असावा किंवा चिकटपट्टी वर आली असावी, आणि यंत्राला फुगवटा आणि खोका यांतला भेद कळत नसावा. गुणाकार 10098, वजन दोन किलोंच्या जरासे वर, आणि टप्पे अर्ध्या किलोचे असल्यामुळे आकार अडीच किलोचा. दोन-दोन सेंटिमीटरांनी एक किलो वाढले. पुतण्याने खोक्याला टेप लावून तिन्ही बाजूंची छायाचित्रे काढली आणि फिर्याद दाखल केली. काही खोक्यांची वजावट परत मिळाली, काहींची नाकारली गेली. छायाचित्रे एकाच खोक्याची, एकाच दिवशी, एकाच टेबलावर काढलेली होती. कारण विचारल्यावर उत्तर आले की आपल्या समाधानासाठी आम्ही कटिबद्ध आहोत. उत्तराखाली नाव होते, परंतु दुसऱ्या पत्राला दुसऱ्याच नावाने तेच उत्तर आले.

पेढीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. खोटे वजन सांगून जड माल हलक्या दरात पाठविणारे विक्रेते काही थोडे नाहीत, आणि हायड्रॉस नावाच्या रसायनाने पिवळा केलेला गूळ ‘सेंद्रिय’ म्हणून खपविणारे तर आमच्याच पंचक्रोशीत आहेत. त्यांच्यामुळेच गिऱ्हाइकाला खरा काळपट गूळ पाहून फसवणूक झाल्यासारखे वाटते आणि ‘वर्णनाशी विसंगत’ असा शेरा मारून ते माल परत धाडते. लाखो विक्रेत्यांवर नजर ठेवावयाची तर यंत्राशिवाय गत्यंतर नाही. यंत्र मोजो, मोजलेले दाखविण्यास हरकत कोणती, एवढेच माझे म्हणणे. पुढे एके दिवशी काकवी गुळाच्या वर्गातून काढून सरबताच्या पाकांच्या वर्गात घातली गेली आणि कमिशन वाढले, तेव्हाही हा वर्गबदल कोणी केला, कोणत्या आधाराने केला, हे कळण्याचा मार्ग नव्हता. पुतण्याने पुन्हा फिर्याद केली. काकवी काही काळाने आपल्या वर्गात परत आली. मधल्या काळातले कमिशन आले नाही.

टेम्पोबरोबर मी स्वतः जातो त्या दिवशी शिरूर सोडल्यावर लवकरच करडे लागते. या गावात 1874 च्या डिसेंबरात एका सावकाराने हुकूमनामा मिळवून एका देशमुखाच्या घरावर टाच आणली, आणि त्यावरून गावाने सावकारांवर बहिष्कार घातला: त्यांच्या घरी पाणी भरावयाचे नाही, त्यांची हजामत करावयाची नाही, त्यांच्या दुकानातून काही घ्यावयाचे नाही. चौफुल्यावरून पुढे मोरगावच्या वाटेला सुपे आहे, त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातले. तेथे 12 मे 1875 रोजी बाजारच्या दिवशी दंगा झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. आमच्या टेम्पोचा रस्ता असा त्या उठावाच्या आरंभापासून त्याच्या भडक्याच्या दिशेने जातो. त्या दंग्यांची चौकशी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या आयोगाच्या ध्यानात जी गोष्ट ठळकपणे आली ती ही की दंगेखोरांचा रोख सावकाराच्या देहावर किंवा धनावर फारसा नव्हता, तो त्याच्या दप्तरावर होता. खते, रोखे, हुकूमनामे मागून घ्यावयाचे आणि जाळावयाचे. सावकाराने ते निमूटपणे दिले तर बहुधा त्याच्या केसालाही धक्का लागत नसे.

पुढे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या व्याजासंबंधीच्या आणि जमिनीसंबंधीच्या कलमांची चर्चा पुष्कळ झाली आहे. माझ्यासारख्या खतावणी लिहिणाऱ्याचे लक्ष मात्र दुसऱ्याच कलमांकडे जाते. रोख्यावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता कर्जाचा पहिल्यापासूनचा इतिहास न्यायालयाने तपासावा; भरलेल्या रकमेची लेखी पावती कुळाला मिळावी; त्याने मागितल्यास सावकाराने वर्षाचा हिशेब त्याला लिहून द्यावा. सावकाराची वही सावकाराकडेच राहिली, परंतु तिच्यात डोकावण्याचा हक्क कुळाला आला. कायद्याने काय साधले आणि काय नाही यावर मतभेद आहेत, आणि कायद्यातून वाटा काढणारे सावकार त्याच्याबरोबरच जन्माला आले. तरी हिशेब मागणे हा उपद्रव नसून अधिकार आहे, एवढे तरी त्याने लिहून ठेवले.

आजच्या विक्रेत्याच्या पदरात काय आहे, ते पुतण्याने आणि मी एका संध्याकाळी धुंडाळून पाहिले. जुलै 2020 चे ई-कॉमर्सविषयक नियम ग्राहक संरक्षण कायद्याखालचे. त्यांत ग्राहकाच्या तक्रारीची 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण सांगितले आहे, आणि विक्रेत्यांच्या वाट्याला, एकाच वर्गातील विक्रेत्यांत पेढी काही भेदभाव करीत असेल किंवा करणार असेल तर त्याचे वर्णन तिने आपल्या अटींत द्यावे, अशी एक तरतूद आली आहे. दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने 13 जानेवारी 2020 रोजी दोन मोठ्या पेढ्यांच्या चौकशीचा आदेश दिला; तो विषय मुख्यतः मर्जीतल्या विक्रेत्यांचा. आमच्या दोन सेंटिमीटरांसाठी करारात लवादाची सोय आहे, आणि लवादाचे स्थळ इतके दूर आहे की तेथवरच्या तिकिटाच्या पैशांत काहीलभर रस विकत यावा. युरोपीय संघाचा मात्र एक विनियम 12 जुलै 2020 पासून अमलात आहे: अटी बदलावयाच्या तर विक्रेत्याला किमान 15 दिवसांची लेखी पूर्वसूचना, आणि त्याचे खाते रोखावयाचे तर कारणांचे निवेदन. पंधरा दिवस आणि कारण. 1879 च्या कलमांशी याचे नाते मला सख्ख्या भावंडासारखे वाटते, आणि ज्या मुलखातून ती कलमे निघाली तेथे आपण आजही नुसत्या ई-मेलवर भागवितो, याचे नवल वाटते.

‘मग सोडून का देत नाही?’ असे पेठेतले स्नेही विचारतात. कोणी बळजबरी केलेली नाही, हे बरोबर. परंतु इतक्या दिवसांत जे अभिप्राय आणि जे तारे आमच्या गुळाला मिळाले, ते पेढीच्या दप्तरी जमा आहेत. पोर्टल सोडताना माल उचलून नेता येतो, पत उचलून नेता येत नाही. कोणाच्या घरी वड्या पोहोचल्या, त्यांचे पत्ते आम्हाला बांधणीपुरते दिसतात, आणि पार्सलमध्ये आपल्या दुकानाचे कार्ड घालण्यास करारान्वये मनाई आहे. पुतण्या ती मनाई कसोशीने पाळतो.

तथापि वजनमापाच्या कायद्याला ही मनाई ठाऊक नाही. पाकिटबंद मालावर तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक छापलाच पाहिजे असा त्याचा दंडक आहे, आणि त्या बारीक अक्षरांतल्या क्रमांकावर गेल्या संक्रांतीच्या सुमारास नागपूरच्या एका बाईंचा फोन आला. तक्रार काही नव्हती. ‘काका, तुमचा गूळ मागच्या वर्षी तिळगुळासाठी घेतला होता, आता पोर्टलवर दिसत नाहीये, थेट पाठवाल का?’ असे त्यांनी विचारले. गूळ त्या वेळी दिसत नव्हता हे खरे, कारण वड्यांच्या छायाचित्राची पार्श्वभूमी पुरेशी पांढरी नसल्याच्या कारणावरून मालाची नोंद स्थगित झाली होती. पुतण्या घुटमळला, मी भाव सांगितला, टपालखर्च वेगळा पडेल हेही सांगितले, आणि शिरूरच्या पोस्टातून पार्सल रवाना केले. बाईंनी आपल्या भावजयीला सांगितले, भावजयीने शेजारणीला.

त्यामुळे आता माझ्या खतावणीत एक निराळे पान उघडले आहे. त्यात कमिशन नाही, टप्पे नाहीत, पट्टे नाहीत. नाव, वड्या किती, टपालखर्च, आणि पैसे आल्याची तारीख, एवढेच रकाने. पाने भरण्याइतकी नावे अजून झालेली नाहीत, आणि झालेल्यांपैकी काहीजण वड्या संपल्या तरी पैसे धाडीत नाहीत, तेव्हा संध्याकाळी त्यांना तगादा लावण्याचे काम माझ्याकडे आले आहे.